भोसरीत थांबलेला ठिपका

मी फार बोलणारा माणूस नाही. धंद्यात त्याचा फायदाच झाला. हा कमी बोलतो म्हणजे याला जास्त कळतं, असं गिऱ्हाइकांना वाटतं. पण कुरुळीतल्या त्या ऑफिसात मी गप्प बसलो ते स्वभावामुळे नाही, भीतीमुळे. हे मी घरातही कधी सांगितलेलं नाही.

संत तुकाराम नगरात दोन खोल्यांत माझं वेबसाइट बनवण्याचं काम चालतं. चाकणच्या एका कारखान्याला कामगारांच्या बसेस पुरवणारे एक शेठ माझ्याकडे आले. "भावा, बस कुठं आलीय ते लोकांना फोनवर दिसलं पाहिजे. सकाळी पाचपासून मला फोन येतात. मी बस चालवतो का?"

असं काम दोन तऱ्हांनी करता येतं. एक म्हणजे वेब अ‍ॅप. लिंक उघडायची, फोनच्या पडद्यावर त्याचं चिन्ह ठेवायचं, झालं. आतून ते ब्राउझरमधलं पानच असतं. दुसरं नेटिव्ह अ‍ॅप, फोनसाठी वेगळं लिहिलेलं आणि स्टोअरवरून उतरवून घ्यायचं. कामगारांसाठी मी वेब अ‍ॅप निवडलं आणि ते मला आजही बरोबर वाटतं. त्यांचे फोन पोरांच्या आणि गावाकडच्या फोटोंनी भरलेले. नवीन अ‍ॅप घ्या म्हटलं की आधी काय पुसू, हा प्रश्न. लिंक सगळ्यांना चालली.

गोची ड्रायव्हरच्या फोनची होती. ड्रायव्हरचा फोन आपली जागा पाठवत राहिला तरच नकाशावरचा ठिपका हलणार. वेब अ‍ॅपचं असं, की स्क्रीन विझली किंवा वर दुसरं काही उघडलं की फोन त्याला झोपवतो. नेटिव्ह अ‍ॅप खिशातूनही जागा पाठवू शकतं. मला हे माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात फोन खिशात घालून पिंपरीच्या बाजारात जाऊन आलो, आणि परत येऊन बघतो तर नकाशावर मी अजून घरीच.

नेटिव्ह अ‍ॅप लिहिणारं आमच्यात कुणी नव्हतं. खरं सांगितलं तर शेठ दुसऱ्याकडे जातील, या धास्तीनं मी ड्रायव्हरचं नंतर बघू असं ठरवलं. शेठच्या गाडीत बसून त्यांना ठिपका हलताना दाखवला तेव्हा सगळा वेळ माझा अंगठा स्क्रीनवर होता. तो मी उचलला नाही.

मोशीच्या रूटवर एक ड्रायव्हर होते. मोशीतल्याच जुन्या घरातले, माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांना शिकवताना मी म्हणालो, "मामा, स्क्रीन चालू ठेवायची. विझली की बस दिसत नाही."

"म्हंजे दिवा लावून ठिवायचा. येवढंच ना?"

"एवढंच."

वर दुसरं काही उघडायचं नाही, हे मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर त्यांनी 'का?' म्हणून विचारलं असतं आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. स्क्रीन विझू नये म्हणून एक सोय मी टाकली होती, पण बॅटरी उतरली की मामांचा जुना फोन तिला जुमानायचा नाही.

महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. ठिपका भोसरीतच उभा राहायचा. मोशीच्या बायका फोन बघून म्हणायच्या, अजून भोसरीत आहे, डबा भरून होईल. त्या स्टॉपवर पोचायच्या तोवर बस निघून गेलेली. गेटवर उशीर, अर्धा दिवस बुडाला.

एका सकाळी शेठनी बोलावलं. कुरुळीत टायरच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून त्यांचं ऑफिस. कारखान्याचे एचआरचे अधिकारी खुर्चीवर, मामा दाराशी उभे. अधिकाऱ्यांनी फोन पुढे केला. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून कुणीतरी काढलेला फोटो होता. डॅशबोर्डवर मामांचा फोन आणि त्यात बैलगाड्यांची शर्यत.

"गाडी चालवताना बैलगाड्यांचा घाट बघता?"

"बघत न्हाई साहेब. भोसरीत आलो की लावून ठिवतो, आवाज बंद असतो. ती शर्यत लई लांबलचक हाय, तवर स्क्रीन विझत न्हाई." मामांनी माझ्याकडे हात केला. "या साहेबांनीच सांगितलंय दिवा चालू ठिवा म्हणून."

माझ्या लक्षात आलं. व्हिडिओनं स्क्रीन जागी ठेवली होती आणि माझं अ‍ॅप त्याच्याखाली झोपलं होतं.

शेठ माझ्याकडे वळले. "सांगा सर. अ‍ॅप बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "स्क्रीन चालू असली की दिसतं."

अधिकारी हसले. "स्क्रीन तर फोटोत चालू आहे. म्हणजे लोकेशन यांनी स्वतः बंद केलं. का हो, मधे वडाप भरता काय?"

कंपनीच्या बसमध्ये बाहेरचे प्रवासी भरणं म्हणजे सरळ काम जाणार. मामांचा चेहरा लाल झाला. "एकतीस वर्सं गाडी चालवतोय. एक शीट भरली आसंल तर हितंच जोडा काढून मारा."

ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, साक्षीदाराकडे बघावं तसं. मी टेबलावरच्या काचेखालची देवाची कॅलेंडरं बघत राहिलो. तोंड उघडायला हवं होतं तेवढा वेळ गेला. अधिकाऱ्यांनी हात पुढे केला, "गेटपास." मामांनी तो शर्टाच्या खिशातून काढून ठेवला आणि खाली गेले. अधिकारीही निघाले.

मी खाली आलो तेव्हा मामा बसमधली आपली चादर आणि पाण्याची बाटली काढत होते. मी दाराशी उभा राहून सगळं सांगितलं. अंगठ्याचंसुद्धा.

त्यांनी ऐकून घेतलं. चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मग मला कशापायी सांगताय? मला ठावं हाय मी काय केलं न् काय न्हाई. जिना तिकडं हाय."

मी परत वर गेलो. त्या जिन्याचा आवाज फार होतो. शेठना सांगितलं. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग अधिकाऱ्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून उत्तर आलं, "अ‍ॅपचं तुमचं तुम्ही बघा. फोटो आमच्या ग्रुपवर वरपर्यंत गेलाय. व्हिडिओ चालू होता हे खोटं आहे का?"

खोटं नव्हतं.

शेठनी फोन ठेवला. "मघाशी बोलला असतास तर मी त्या साहेबाला हितंच अडवला असता, राव. आता तो गेटच्या आत गेला."

वडापचा ठपका पुसला गेला, एवढं झालं. गेटपास परत मिळाला नाही. ड्रायव्हरांसाठी नेटिव्ह अ‍ॅप मी बाहेरचा माणूस लावून करून दिलं. ठिपका चालायला लागला, शेठनी इतरांकडे माझी तारीफही केली. मामा बरेच दिवस घरी होते, असं कानावर आलं. मी गेलो नाही.

यंदा शाळा सुरू झाल्यावर त्यांचा फोन आला. नाव न सांगताच म्हणाले, "मोशीत शाळेची बस चालवतोय. ह्यांनीबी अ‍ॅप दिलंय. खिशात ठिवा म्हणत्यात, चालतंय म्हणत्यात. माझा इस्वास न्हाई. तुमी या."

मी गेलो. पोरं उतरून गेली होती, बस रिकामी होती. मी अ‍ॅप बघून म्हणालो, "मामा, हे नेटिव्ह आहे. चालेल."

"बघून सांगा."

त्यांनी माझ्यासमोर बटण दाबून स्क्रीन विझवली, फोन शर्टाच्या खिशात घातला, गाडी सुरू केली आणि वळणाआड गेले. मी शाळेच्या फाटकाशी, पालकांना दिसतो तो नकाशा माझ्या फोनवर उघडून उभा राहिलो. ठिपका फाटकाशीच होता. हलेना. वॉचमननं खुर्ची पुढे केली, मी बसलो नाही. मग ठिपका एकदम चौकात दिसला, तिथून नदीच्या रस्त्याला लागला, पुलापाशी गेला, वळला.

बस परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मामांनी खिडकीतून मान काढली.

"दिसलो?"

"दिसलात. चौकात, पुलावर, सगळीकडे."

"हितनं निघताना?"

"जरा वेळ नाही दिसलात. मग दिसलात."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "हां. पोरांच्या आयांना तसंच सांगतो," आणि गाडी मागे घ्यायला लागले.