होडीतला पहिला पाय

कुणाच्याही घरात शिरला, की बसण्याआधी तो टाचेनं जमीन ठोकायचा. "भक्कम आसा," म्हणायचा आणि मगच टेकायचा. आमच्या खोलीत पहिल्यांदा आला तेव्हा बायकोला वाटलं, झुरळ मारतोय.

असा एखादा नमुना तुमच्याही कामावर असेल. आमचा कारखाना अंधेरीचा, फायबरच्या पाण्याच्या टाक्यांचा. तो मालवणकडचा, गिरण्यांच्या संपात नोकरी गेल्यावर आमच्याकडे आलेला. मी जालन्याकडचा बौद्ध. माझ्या गावच्या नदीत उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात, तरी होडीचं वेड मलाच जास्त.

जुहूच्या एका हॉटेलनं टाकून दिलेली फायबरची होडी मालकानं भंगारात आणली होती. आम्ही दोघं सारखे तिच्याभोवती घुटमळतो हे बघून मालकच म्हणाला, "न्या एकदाची." बाहेरून ठीक होती. आतली प्लायवूडची जमीन मात्र चहात बुडवलेल्या बटरासारखी झालेली. पाय ठेवला की खचायची.

रविवारी आम्ही ती कापून काढायला बसलो. कुजका प्लाय पोत्यांनी निघाला. खालचे लाकडी आधारही गेलेले. ते नवे घातले, पुठ्ठ्याचा साचा कापून नवा प्लाय बेतला. खालची बाजू कुणाला दिसणार नाही म्हणून मी घाई केली की तो ओरडायचा, "थंयसूनच पाणी शिरता रे! वाट लागतली." मग खालूनही रेझिनचा लेप, कडांनाही रेझिन. रेझिनखाली अंथरायच्या काचतंतूंच्या मॅटची कुसं अंगात शिरायची आणि खाजून जीव नको व्हायचा. तो माझ्या पाठीला खोबरेल चोळायचा, वर टोमणा मारायचा, "घाटी पाठ, नुसती तेल पिता."

डबाही एकत्रच. माझ्या ठेच्याशिवाय त्याला घास जात नसे. "आपल्यात कसली रे जातपात," असं तो कुणी न विचारताच म्हणायचा. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

होडी खारदांड्याला पाण्यात सोडायची ठरली. नारळ त्यानं वाहायचा. आमच्यात ते नाही. मी एवढंच मागितलं, की होडी तरंगायला लागली की त्या जमिनीवर पहिला पाय माझा.

"पयलो पाय तुझोच!" त्यानं टाळी दिली.

माझ्या आज्याला गावच्या विहिरीच्या कट्ट्यावर पाय ठेवू देत नसत. मला होडीपेक्षा त्या एका पावलाचं अप्रूप होतं.

ठरल्या रविवारी बायको नवी साडी नेसून निघाली. पोचलो तर होडी आधीच पाण्यात. आत हळदकुंकू, फुलं, आणि गावाहून आलेले त्याचे काका, भावकी मांडी घालून बसलेली. मला बघून तो गुडघाभर पाण्यातून धावत आला.

"अरे, लवकर उरकूचा लागला."

"आणि माझा पाय?"

त्यानं वळून होडीकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "तू आधी चढला असतास तर ते बसले नसते रे. समजून घे ना यार. आता ये, जागा आसा."

बायकोनं ऐकलं. ती बसस्टॉपकडे चालू लागली. मीही तिच्या मागून गेलो. काकांचा मला राग आला नाही; ते मला ओळखतही नव्हते. हा ओळखत होता. ज्यानं माझ्या पाठीला तेल लावलं त्यानंच मला फसवलं, हे काही केल्या गळ्याखाली उतरेना.

पुढे आम्ही एकाच शेडमध्ये कामापुरतं बोललो. डबे वेगळे झाले. पावसाळ्यात होडी कारखान्याच्या आवारात परत आली. नोकरी सोडून गावी जायचं ठरल्यावर तो माझ्या वाट्याचं विचारायला आला. "घेऊन जा," म्हटलं. माझ्याच हातच्या जमिनीवर मी पाहुणा म्हणून कशाला बसू?

टेम्पो आला त्या दिवशी चारपाच कामगार होडी चढवत होते. एक कोपरा सारखा खाली येत होता, एक माणूस कमी पडत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही.

मारली असती तर मी उठून हात लावायला गेलो असतो. याच गोष्टीमुळे मला आजही त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त राग येतो.