मात्राबाईंचा पालक

मात्राबाई एकतीस वर्षं माझ्या समोरच्या दारात राहिल्या. त्यांच्याविषयी मला काय ठाऊक होतं? त्या छापखान्यात प्रुफं तपासत, आणि जिन्यातल्या नोटिशीवरचं 'पाणि' जाता-जाता पेन्सिलीने 'पाणी' करून पुढे जात. नाव त्यावरूनच पडलं. त्यांची ही हकीकत दुसऱ्या कोणी लिहिली असती तर बरं झालं असतं. पण बाकीचे शेजारी कोर्टाच्या कागदावर बाईंच्या भाच्याच्या बाजूने सह्या करून मोकळे झाले होते.

बाईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि त्यांचे शब्द जागा सोडून बसले. चहाला त्या 'कुलूप' म्हणत, चष्म्याला 'मंगळवार'. वाचलेलं मात्र सगळं कळे. त्यांचा भाचा, टायरचा दुकानदार, चार वर्षं फिरकला नव्हता, तो धावत आला. बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "पाहुणा."

"बघितलंत डॉक्टर? सख्ख्या बहिणीचा मुलगा, ओळखत नाही मला!"

डॉक्टरांनी लिहून घेतलं, 'नातेवाईक ओळखत नाहीत.' मला वाटलं, एवढा एक शब्द जागच्या जागी पडलाय. पण मी बोललो नाही. सहसा बोलत नाही.

भाच्याने कोर्टात अर्ज टाकला: मावशीला काही कळत नाही, मला तिचा पालक नेमा. पालक झालं की घर विकायचं आणि बाईंना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवायचं, हे त्याने जिन्यातच सांगून टाकलं.

"इथे तिचं आहे तरी कोण, काका?"

मी माझ्या चपलांकडे बघितलं.

अर्जाची प्रत बाईंकडे आली. दोन दिवस त्या पेन्सिल घेऊन तिच्यावर वाकून बसल्या. तारखेच्या सकाळी माझी बाही ओढून म्हणाल्या, "साबण! साबण!" मी निघालो.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आज वार कोणता?"

"चष्मा," बाई म्हणाल्या.

भाचा वकिलाकडे बघून हसला. मी कधी नव्हे तो उभा राहिलो. "मॅडम, आज मंगळवारच आहे."

"मला ठाऊक आहे. बसा."

पण चष्म्याची भानगड तेवढी सांगूनच बसलो. मग बाईंनी आपली प्रत पुढे सरकवली. ऱ्हस्व-दीर्घाच्या सतरा चुका दुरुस्त केलेल्या. न्यायाधीशबाई शेवटच्या पानावर थांबल्या.

"अर्ज वाचून सही केलीत ना?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"शब्द न् शब्द, मॅडम!"

"मग ऐका. 'अर्जदारास स्वतःचे हित कळत नसल्याने त्याच्या मावशीस त्याचे पालक नेमावे.'"

वकिलाच्या टायपिस्टने माणसांचीच अदलाबदल केली होती. बाईंनी ते वाक्य आधी खोडलं होतं. नंतर खाली टिंबांची रांग देऊन समासात लिहिलं होतं: 'राहू द्या.' खोडलेला मजकूर कायम ठेवायचा असला की छापखान्यात अशी टिंबं देतात, हे मलाच उठून सांगावं लागलं. न्यायाधीशबाईंनी फाइल तोंडापुढे धरली. बराच वेळ खाली घेतली नाही.

पालक नेमला गेला नाही. निर्णय बाईंचे बाईच घेतील. कागदपत्रं समजावून द्यायला आणि त्यांचं म्हणणं पोचवायला मदतनीस त्यांनीच निवडावा, बँकेपुरतं त्याला मुखत्यारपत्र द्यावं, असं ठरलं. बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"हे?" भाचा म्हणाला. "यांना बोलता तरी येतं का?"

कामच तसं होतं. कागद समोर धरायचा, बाई मान हलवतील तोवर तोंड मिटून थांबायचं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या लायकीचं काही मिळालं. भाच्याने पुढे एकदा घराच्या विक्रीचा मसुदा पाठवला. बाईंनी तो तपासून परत केला. सहीची जागा सोडून सगळीकडे पेन्सिल होती.

दीड वर्ष असं चाललं. एका संध्याकाळी मी जिन्यातली नवी नोटीस काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि कुलूप करून आणलं. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

"टाचण्या," त्या म्हणाल्या.

साखर विसरलो होतो. "आणतो हं, बाई."

नोटिशीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "राहू द्या."