ओड्रुनचा आकडा

बावीस वर्षांपूर्वी ओड्रुन आमच्या जहाजांच्या कारखान्यात मुलाखतीला आली, तेव्हा आताच्या मालकाच्या, म्हणजे आर्वेच्या, बापाने तिला विचारलं, "पगार किती हवा?" ती म्हणाली, "तुला योग्य वाटेल तो दे." म्हातारा खूश झाला आणि त्याने त्याला योग्य वाटला तेवढा दिला. एका वाक्यात स्वतःचं इतकं नुकसान करून घेतलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याआधी ती फिओर्डच्या, म्हणजे आमच्या डोंगरांमधल्या खाडीच्या, पलीकडे मासे गोठवायच्या कारखान्यात कॉड कापायची. दोन वर्षं शिकून तिने जहाजातल्या पाइपांचे नकाशे काढायची विद्या मिळवली, आणि ती विद्या तिच्या हाडात मुरली. नकाशा संगणकावर बरोबर दिसतोय म्हणून ती कधी थांबली नाही. हातात बॅटरी घेऊन स्वतः इंजिनखोलीत उतरायची, टाक्यांच्या मागे सरपटत जायची. एका वर्षी आग विझवायच्या पंपाची झडप अशा जागी काढलेली होती की तिथे कुणाचाही हात पोचला नसता. बाहेरून आलेला नकाशा, तीन जणांच्या सह्या, आणि चूक सापडली ती हिला. त्या मार्चमध्ये पगाराच्या बोलणीला आर्वेने विचारलं, "यंदा विशेष काय केलंस?" तर बाई म्हणाली, "विशेष काही नाही. सगळ्यांनी मिळून केलं."

आमच्याकडे असंच बोलतात. स्वतःची टिमकी वाजवणाऱ्याला 'तू कोण मोठा लागून गेलास' हे शाळेतच ऐकवलं जातं. मालकालाही आम्ही अरे-तुरे करतो, एकाच थर्मासमधली कॉफी पितो, आणि सगळे सारखे म्हणून मिरवतो. दर मार्चला आर्वे एकेकाला खोलीत बोलावतो आणि विचारतो, "कसं चाललंय?" ओड्रुन म्हणायची, "बरं चाललंय." मग तो कागदावर 'समाधानी' असं लिहायचा.

दीड वर्षापूर्वी सिंद्रे आला. वय अठ्ठावीस, ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातून इंजिनिअर झालेला. पोरगा वाईट नव्हता, पण झडप कुठे असावी हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं, जहाजातून नाही. ओड्रुनने त्याला तीन महिने शेजारी बसवून शिकवलं. आधी तो तात्पुरत्या करारावर होता, या जानेवारीत कायम झाला.

आमच्या देशात कुणाचंही वर्षाचं उत्पन्न करखात्याच्या संकेतस्थळावर बघता येतं. फक्त ज्याचं बघाल त्याला तुमचं नाव दिसतं. त्यामुळे बघायचं सगळ्यांनाच असतं आणि बघत कुणी नाही. गावात दुकानात एकमेकांची तोंडं बघायची असतात ना! फेब्रुवारीत ओड्रुन स्वतःचं काहीतरी तपासायला तिथे गेली, तर तिचं उत्पन्न बघणाऱ्यांत एक नाव होतं. सिंद्रेचं.

"अगं, मागणी घालायचा विचार असेल त्याचा," मी म्हटलं.

"मारित, गप्प बस," ती म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला सरळ विचारलं. मी शेजारीच होते.

"हो, बघितलं ना," सिंद्रे पावावर तपकिरी चीज ठेवत म्हणाला. "माझी पगाराची बोलणी होती. जुन्या माणसांना काय मिळतं ते बघून आकडा ठरवला."

"मग? काय कळलं?"

"पाच लाख साठ हजार क्रोनर. म्हटलं, हिचे कामाचे तास कमी असणार. म्हणून पूर्णवेळाचा हिशेब करून सहा लाख नव्वद मागितले. आर्वे लगेच हो म्हणाला." मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "तुझे तास कमी आहेत ना?"

ओड्रुनने नकारार्थी मान हलवली. पोराचा चेहरा पडला. "सॉरी, ओड्रुन. मला खरंच तसं वाटलं गं."

मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण कशावर चिडणार? त्याने मागितलं आणि त्याला मिळालं. माझं रक्त उकळत होतं ते आर्वेवर. ज्या बाईने शिकवलं तिच्यापेक्षा शिकणाऱ्याला एक लाख तीस हजार जास्त, आणि हा माणूस रोज सकाळी तिला हसून 'सुप्रभात' म्हणतो!

मी आमच्या ऑफिसमधली युनियनची प्रतिनिधी, म्हणून मार्चमध्ये ओड्रुन मला बोलणीला सोबत घेऊन गेली. आर्वेने कॉफी ओतली.

"कसं चाललंय?"

"वाईट," ओड्रुन म्हणाली. "सात लाख चाळीस हजार हवेत."

आर्वेच्या हातातला थर्मास तसाच राहिला. "ओड्रुन, हे तुझं बोलणं नव्हे. कुणी पढवलं?" त्याने माझ्याकडे बघितलं. "आणि आपल्यात एकमेकांच्या खिशात डोकावत नाहीत."

"सिंद्रे डोकावला. त्याला तू पैसे दिलेस."

"त्याने मागितले! तू कधी मागितलेसच नाहीत." त्याने फाइल उघडली आणि कागद पुढे सरकवले. "हे बघ. दरवर्षी लिहिलंय. समाधानी. समाधानी. समाधानी."

संताप आला मला. बाईचा सभ्यपणा या माणसाने फाइलला लावून ठेवला होता, तिच्याच विरुद्ध वापरायला. मी तोंड उघडणार तोच ओड्रुन म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं."

"काय?"

"की मला कमी मिळतंय. दरवर्षी माहीत होतं."

त्याने फाइल मिटली. मग म्हणाला, "चाळीस हजार आत्ता वाढवतो. बाकीचं पुढच्या वर्षी बघू. फक्त बाहेर कुणाला सांगू नकोस, नाहीतर रांग लागेल माझ्या दाराशी."

ओड्रुन उठली. जिना उतरली, सरळ जेवणघरात गेली, डबा टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "माझा पगार पाच लाख साठ हजार आहे. बावीस वर्षं झाली. तुमचा किती?"

सात लाख चाळीस तिला शेवटी मिळाले, तेही एप्रिलमध्ये, आम्ही अकरा जण आर्वेच्या दाराशी खरोखरच रांग लावून उभे राहिल्यावर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझी जीभ जड होते.

त्या दिवशी जेवणघरात सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग रंगकामाचा हिशेब ठेवणारी बेरित बोलली, पाच लाख दहा. वेल्डिंग बघणारा युस्ताइन बोलला. सिंद्रेने स्वतःचा पुन्हा सांगितला, जरा मोठ्याने. एकेक करत आकडे माझ्या टेबलापर्यंत आले.

मी पंप आणि झडपा विकत घेण्याचं काम करते. ओड्रुन नकाशात काय लागेल ते लिहिते, मी ते मागवते. बारा वर्षं झाली, म्हणजे तिच्यानंतर दहा वर्षांनी आले. नऊ वर्षं प्रतिनिधी आहे. माझा आकडा मी कुणाला सांगितलेला नव्हता.

"सहा लाख दहा," मी म्हणाले.

ओड्रुन माझ्याकडे वळली. "फेब्रुवारीत सिंद्रेने माझा आकडा सांगितला, तेव्हा तू शेजारी बसली होतीस."

"होते."

"म्हणजे तेव्हापासून तुला माहीत होतं."

"हो," मी म्हणाले.

तिने डबा उचलला आणि सिंद्रेच्या टेबलावर जाऊन बसली.