शंकरने हातांवर धरलेला तंबू

शंकर गेला. आज सकाळी गावाकडे त्याने प्राण सोडला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी दोहात, नजमा नावाच्या वस्तीतल्या एका खोलीत आमच्या खाटा शेजारी होत्या. पाण्याच्या टँकरवर तो ड्रायव्हर, मी हेल्पर. भांडण रोजचं.

एका दुपारी वाळवंटात एका भटक्या बदू कुटुंबाकडे पाणी घेऊन गेलो. जागा बदलायची म्हणून त्यांनी तंबू उतरवला होता. मुलगे उंट घेऊन पुढे गेलेले. मागे म्हातारा अबू राशिद, त्याची सून आणि तिचं चार दिवसांचं बाळ.

आणि उत्तरेला आभाळ तपकिरी झालेलं. वाळूचं वादळ येत होतं.

बाळाला केबिनमध्ये ठेवावं, तर आमच्या टँकरला एका बाजूची काचच नव्हती.

"यल्ला! यल्ला!" लवकर उभा करा म्हणून अबू तंबूकडे बोट दाखवत ओरडला.

शंकर बाह्या सारून पुढे. "आरं, गावाकडं आमचा मांडवाचाच धंदा हाय. सरक बाजूला."

लग्नाच्या मांडवासारखे त्याने आधी खांब रोवले. मग शेळीच्या केसांचं ते जाडजूड कापड वर चढवायला लागला.

"ला! ला!" अबू नको नको म्हणून ओरडतोय. ऐकतो कोण!

वारा कापडात शिरला आणि सगळं उचलून आपटलं. मधला खांब मोडून बाळापासून हातभर अंतरावर पडला.

सून किंचाळली. शंकरचा चेहरा पांढराफटक.

मग अबूने त्यांच्या रीतीने करून घेतलं. कापड जमिनीवर पसरायचं, दोर ताणून खुंट्या ठोकायच्या, खांब सगळ्यात शेवटी, आतून.

पण मधला खांब तर मोडलेला.

शंकर आत शिरला. मधोमध उभा राहिला. दोन्ही हात वर करून कापड पेललं.

वादळ आलं. समोरचं दिसेना. बाळाचं रडणं तेवढं ऐकू येत होतं, आणि ते थांबू नये म्हणून मी देवाचा धावा करत होतो.

"शंकऱ्या, सोड. मी धरतो."

"गप ऱ्हा. म्या घोळ घातलाय, म्याच धरनार."

वारा पडला. "खलास," अबू म्हणाला. म्हणजे, संपलं वादळ.

शंकरचे हात खालीच येईनात. आम्ही दोघांनी कोपरं धरून उतरवले. बाळ आईच्या ओढणीआड दूध पीत होतं. ते कळल्यावर हा गडी ढसाढसा रडला.

काल त्याच्या मुलाचा फोन आला.

"काका, बाबा सारखे दोन्ही हात वर धरतायत. डॉक्टर म्हणतात, भ्रम झालाय."

मी म्हटलं, फोन त्याच्या कानाला लाव.

"शंकऱ्या, वारा पडला रे. बाळ दूध पितंय. खलास."

मुलगा म्हणाला, हात खाली आले.

जा मित्रा, निवांत जा. तुझ्यासारखा भांडायला आता कोणी नाही.