आधी बोलणाऱ्याले

शिरपूरच्या आमच्या गल्लीत खिडकीच्या गजावर कात्री वाजली, की समजायचं, कुणाचा तरी फोन आलाय. शिलाईकाम करणाऱ्या हमिदाखाला आतून ओरडत, "बंद करा रे ते व्हिडिओ! बोलणाऱ्याले आधी रस्ता द्या. पाहणारे थांबले तं मरत नाहीत!"

ब्लाउजचे नवे गळे पाहायला खालांनी वायफाय घेतलं आणि अख्ख्या गल्लीला पासवर्ड देऊन टाकला. यात्रेकरूंची गर्दी झाली की गावातला टॉवर हात टेकायचा. फोन लागला तरी "हॅलो, हॅलो"च्या पुढे गाडी जाईना. मग वायफाय कॉलिंग सुरू करून सगळे खालांच्या ओट्यावर. पण त्याच वायफायवर सारी गल्ली व्हिडिओ बघू लागली की तिथेही आवाज तुटायचा. म्हणून ती कात्री. मला मालिकांचं भारी वेड. "ओ बाई, तुमच्या सासू-सुना उद्या भांडतीन!" हे मी कितीदा ऐकलंय! राग यायचा, खोटं कशाला बोलू?

माझ्या वैशालीची नर्सच्या नोकरीसाठी फोनवर मुलाखत होती आणि नेमकी यात्रा भरलेली. फोन आला, तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला. हीही नोकरी हातची गेली तर पोरगी खचेल, या धास्तीने मी तिचा हात धरून निघालेच. आम्ही ओट्यावर धावलो. कात्री वाजली, गल्ली थांबली, तरी आवाज अडकतच होता. खालांनी मांडीवरचा आपला फोन उचलला, जरा वेळ पाहिला आणि बंद केला. तेव्हा कुठे वैशालीचं बोलणं सुरळीत चाललं.

संध्याकाळी कळलं, त्या फोनवर हैदराबादेतल्या त्यांच्या लाडक्या भाचीचा निकाह चालला होता. गुडघ्यांमुळे त्यांना जाता आलं नव्हतं. मी तडक ओट्यावर गेले. "खाला, अहो, सांगायचं तरी!"

"कायले? नवरदेव काय पळून राह्यला का? पोरीचं काम झालं ना, बस!"

वैशालीला नोकरी लागली. पुढे भाचीच गाडी घेऊन आली आणि खालांना हैदराबादला घेऊन गेली. जाताना घराची किल्ली माझ्या हाती देऊन, वायफाय चालू ठेवायचं बजावून गेल्या.

आता त्यांचा फोन आला की मी ओट्यावर जाते. कात्री वाजवायची गरजच पडत नाही. "खालांचा फोन!" एवढं कुणीतरी म्हणतं आणि घराघरांतले व्हिडिओ बंद होतात.

"ओ बाई, आवाज लय साफ येऊन राह्यला," परवा त्या म्हणाल्या. "गल्लीत कोणी नाही का?"

"आहेत ना, खाला. सगळे आहेत."