दोन अध्यक्ष, सही कुणाचीच नाही

"तुम्ही भुईकाट्याच्या कुठल्या बाजूला उभे होता?" मी विचारलं.

"उजव्या," साक्षीच्या पिंजऱ्यातून चाँदचाचा म्हणाले.

"म्हणजे दत्तरावांच्या बाजूला. त्यांनाच मत द्यायचं होतं?"

"न्हाई बाई. तिकडं सावली व्हती."

कोर्टात हशा पिकला. मी मनातल्या मनात खूश. दत्तराव विरुद्ध पार्टी, आणि चाचा त्यांनीच आणलेले साक्षीदार.

प्रकरण वसमतच्या मोंढ्यातल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या, हमालांच्या युनियनचं. हळदीची पोती, त्यांच्या भाषेत कट्टे, उतरवणारी, गाड्या भरणारी माणसं. अध्यक्ष निवडायची त्यांची जुनी पद्धत अशी: भर मोंढ्यात सभा घ्यायची. एका उमेदवाराची माणसं गाड्या तोलायच्या भुईकाट्याच्या उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे. डोकी मोजायची, गुलाल उधळायचा. निकाल आधीच ठरलेला असायचा तोवर हे झकास चाललं. या वेळी खरी चुरस झाली. दोघांनी आपापली मोजणी केली आणि दोघांनीही गुलाल उधळला. डावीकडचे अध्यक्ष मारोतराव, ते माझे अशील.

युनियनचा पदाधिकारी कोण, हे भांडण रजिस्ट्रारची परवानगी काढून औद्योगिक न्यायालयात न्यावं लागतं. मग तारखा. कधी समोरचे वकील आजारी, कधी मी, कधी स्टेनो रजेवर. वकिलीत केस पांढरे झाले, पण तारीख घेऊन परतीच्या एसटीत बसण्याचा कंटाळा काही गेला नाही.

चाचांना खरं तर या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त एक सही हवी होती. मोंढ्यात हमालाची टोळीत जागा असते. अंग थकलं की ती घरातल्या माणसाला देता येते, पण त्यासाठी बाजार समितीला युनियनच्या अध्यक्षाचं पत्र लागतं. चाचांची कंबर कामातून गेली होती. जागा धाकट्या भावाला, रशीदला, द्यायची होती. घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. मारोतरावांनी पत्र दिलं, समितीने घेतलं नाही. दत्तरावांचंही घेतलं नाही. समितीचे सेक्रेटरी म्हणाले, "आधी अध्यक्ष एक करून आणा. आणि जागा फार दिवस रिकामी ठेवता येणार नाही, सांगून ठेवतो."

मी मारोतरावांना सुचवलं, "निकाल लागेपर्यंत रोजच्या सह्यांसाठी कोर्टाकडून त्रयस्थ माणूस नेमून घेऊ. दोघं हो म्हणालात तर लवकर होईल."

"मंग आमी अध्यक्ष कशाचे? सही दुसऱ्याची चालून राहिली तर आमाला कोन इचारील?"

समोरच्या वकिलांनी दत्तरावांना विचारलं. त्यांचंही हेच उत्तर. सगळ्या दाव्यात या एकाच मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं.

तर त्या दिवशी हशा थांबला आणि जजसाहेबांनीच विचारलं, "आणि डावीकडे होते ते?"

चाचा जरा घुटमळले. "तिकडं पान्याची टाकी हाये, साहेब. लोक माल उतरून आलते. कोनी पानी प्यायला गेलं, कोनी सावलीत बसलं. मोजनारे मोजून राहिले व्हते."

माझी खुशी तिथेच संपली. बाहेर आल्यावर मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, "चाचा, एवढं सांगायची काय गरज होती?"

"शपथ घेतली व्हती ना, बाई. आन दोघंबी माझ्याच हाताखाली कट्टा उचलायला शिकले. कोनासाठी खोटं बोलू?"



दोन्ही निवडी रद्द झाल्या. सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गुप्त मतदान घ्या, असा हुकूम झाला. तोवर हळदीचे दोन हंगाम उलटले होते. मारोतराव निवडून आले. त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: गुलाल धुवायच्या आधी त्यांनी पहिली सही केली ती चाचांच्या पत्रावर.

काही दिवसांनी चाचा ते पत्र घेऊन माझ्या ऑफिसात आले. मी पाहिलं. तारीख, शिक्का, सगळं जागच्या जागी.

"आता काय अडलं?"

"सही बराबर हाये, बाई. जागा न्हाई ऱ्हायली."

रिकामी जागा समितीने आपल्या अधिकारात भरून टाकली होती. नियमात बसत होतं. रशीद पुसेगावकडे वीटभट्टीवर गेला होता.

"समितीविरुद्ध अर्ज करता येईल," मी म्हणाले. फी घेणार नाही, हेही सांगितलं.

"लई तारखा पडतील का?"

"पडतील."

"मंग ऱ्हाऊ द्या." त्यांनी पत्राची घडी घातली, भिंतीला धरून जिना उतरले. मला माझ्या अशिलाचा, त्याच्या विरोधकाचा आणि माझ्या धंद्याचा एकदमच राग आला.

आता असं भांडण घेऊन कुणी आलं की मी पहिल्यांदा विचारते, सह्या कुणाकुणाच्या अडल्यात? उत्तर ठरलेलं असतं: "ते मागून बघू, आधी अध्यक्ष कोन ते ठरू द्या."

ते कोर्ट ठरवून देतंच, आज ना उद्या. चूल काही तारखेपर्यंत थांबत नाही.