आईची कापलेली ओळ

ठाण्याच्या एका दुकानदाराने मला फसवलं. आई आता नाही. तिच्या ओव्यांची एकच सीडी आहे. ती कॉम्प्युटरवर उतरवताना त्याने एक ओळच कापली. ओव्या मला पाठ, लगेच पकडलं.

“काका, सीडीवर तिथे चरा आहे. ती ओळ गेली समजा,” तो म्हणाला.

“म्हणून कापलीस? शिंपी आहेस का?” मी तिथेच ओरडलो.

डोंबिवलीला घरी येऊन मी सीडी मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. चऱ्याचा भाग कॉम्प्युटरला सावकाश, पुन्हापुन्हा वाचायला लावला. मग दुसऱ्या सीडी-ड्राइव्हमध्ये घालूनही उतरवली. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या. ओळ पूर्ण आली, आईच्या श्वासासकट. हे मी कोणी न शिकवता केलं.

आता त्या दुकानदाराने तोंडावर सांगावं: सीडीत शाबूत असलेली ओळ गेली, असं कशाच्या जोरावर सांगितलं?